संख्याशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण: प्रवेशाच्या तयारीपासून प्रबंधापर्यंत

पदव्युत्तर पातळीवर एखादा प्रमेय 'मला येतो' असे केव्हा म्हणावे? माझ्या मते तीन गोष्टी जमल्यावर. तो कोऱ्या कागदावर सिद्ध करता आला पाहिजे. त्याचे एखादे गृहीतक काढून घेतले तर तो कसा मोडतो, याचे उदाहरण देता आले पाहिजे. आणि संगणकावर आकडे तयार करून तो खरा ठरताना (किंवा मोडताना) आपण स्वतः पाहिलेला असला पाहिजे.

यातली एकच गोष्ट पक्की करून पुढे गेलेले विद्यार्थी पहिल्या वर्षी छान गुण मिळवतात आणि दुसऱ्या वर्षी अडतात. ज्याला फक्त सिद्धता येते, त्याच्यापुढे खऱ्या माहितीचा तक्ता ठेवला की सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. ज्याला फक्त संगणक येतो, तो कोणतेही मॉडेल बसवून दाखवतो, पण 'हे इथे चालेल कशावरून?' या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नसते. हा लेख या तिन्ही गोष्टी एकत्र सांभाळत अभ्यास कसा करावा, याबद्दल आहे. एमएस्सी करणाऱ्यांना तो पूर्ण लागू पडेल. पीएचडीला थेट जाणाऱ्यांनी शेवटचे भाग जास्त काळजीपूर्वक वाचावेत.

प्रवेशाआधीचे काही महिने: नवे वाचू नका, जुने घट्ट करा

या काळात अनेक जण मशीन लर्निंग किंवा बेझियन पद्धती वाचायला घेतात. ते विषय पुढे येणारच आहेत. पहिल्या सत्रात मुलांना घाम फुटतो तो जुन्या गणितामुळे: लिनियर अल्जेब्रा, रिअल अॅनालिसिस आणि अनेक चलांचे कॅल्क्युलस. हे तीन विषय पदवीला झालेले असतात, पण परीक्षेनंतर विरून गेलेले असतात.

आपली तयारी तपासायला पुढचे तीन प्रश्न पुस्तक न उघडता सोडवून पाहा.

पहिला: एक मॅट्रिक्स सममित आहे आणि त्याचा वर्ग त्याच्याएवढाच आहे. त्याचा ट्रेस आणि त्याची रँक सारखी असते, हे सिद्ध करा.

दुसरा: सारख्याच दराची दोन स्वतंत्र एक्स्पोनेन्शियल चले घ्या. पहिल्या चलाला दोघांच्या बेरजेने भागले तर मिळणाऱ्या चलाचे वितरण कोणते?

तिसरा: शून्य ते एक या अंतरावर फंक्शन्सची अशी क्रमिका लिहा, जी प्रत्येक बिंदूवर शून्याकडे जाते, पण जिचे इंटिग्रल कायम एकच राहते.

पहिल्या प्रश्नातला मॅट्रिक्स म्हणजे प्रोजेक्शन. रिग्रेशनमध्ये 'डिग्रीज ऑफ फ्रीडम' नावाचा जो आकडा सगळे पाठ करतात, तो या ट्रेसमधूनच येतो. दुसऱ्याचे उत्तर शून्य ते एकवरचे युनिफॉर्म वितरण. ते काढताना जेकोबियनवर हात बसला आहे की नाही ते लगेच कळते. तिसऱ्यात शून्याच्या पुढे (शून्य हा बिंदू सोडून) एक भागिले एनपर्यंतच्या पट्ट्यात एन ही किंमत आणि बाकी सगळीकडे शून्य ठेवले की काम होते. लिमिट आणि इंटिग्रल यांची अदलाबदल मनाला येईल तेव्हा करता येत नाही, हे यातून दिसते. संभाव्यतेच्या वर्गात डॉमिनेटेड कन्व्हर्जन्स शिकवतील तेव्हा हा प्रमेय कशासाठी आहे, हा प्रश्न तुम्हाला पडणार नाही.

तिन्ही सहज सुटले तर तुम्ही तयार आहात. ज्या प्रश्नावर अडलात, तो विषय आधी हातात घ्या. सगळे पुन्हा पहिल्या पानापासून वाचत बसू नका.

विभाग निवडताना काय बघावे

विद्यापीठाचे नाव किंवा 'इतके टक्के अर्जदारांना प्रवेश मिळतो' असला एकच आकडा बघून निर्णय घेऊ नका. हा आकडा किती फसवा असू शकतो, याचे उत्तम उदाहरण पदव्युत्तर प्रवेशाचेच आहे. १९७३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले शाखेत ८४४२ पुरुषांनी आणि ४३२१ स्त्रियांनी अर्ज केले. पुरुषांपैकी सुमारे ४४ टक्के निवडले गेले, स्त्रियांपैकी सुमारे ३५ टक्के. उघड भेदभाव दिसत होता. बिकेल, हॅमेल आणि ओ'कॉनेल यांनी विभागवार आकडे तपासून १९७५ मध्ये दाखवले, की स्त्रियांनी ज्या विभागांत जागा मिळणे सगळ्यांनाच अवघड होते तिथे जास्त अर्ज केले होते. हे लक्षात घेतल्यावर फरक उरला तो किंचितसा, आणि तोही स्त्रियांच्या बाजूने. म्हणून एकूण टक्केवारी बाजूला ठेवा आणि तुम्ही ज्या विभागात जाणार त्या विभागाची, शक्य तर त्या शाखेची माहिती काढा.

माहिती म्हणजे काय काय? तिथले प्राध्यापक गेल्या चार-पाच वर्षांत कशावर लिहीत आहेत ते बघा. प्रत्येकाचे दोन शोधनिबंध काढा आणि फक्त गोषवारा आणि प्रस्तावना वाचा. मेझर थिअरीवर आधारलेली संभाव्यता सक्तीची आहे का? इतर विभागांच्या संशोधकांना सल्ला देणारा कन्सल्टिंगचा अभ्यासक्रम आहे का? पीएचडीसाठी पात्रता परीक्षा केव्हा असते आणि तिला किती संधी मिळतात? शिष्यवृत्ती किती वर्षांची, आणि तिच्या बदल्यात शिकवण्याचे काम किती? शेवटचे दोन प्रश्न सध्या तिथे शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारावेत. विभागाच्या माहितीपत्रकात नियम असतो, प्रत्यक्ष काय घडते ते विद्यार्थीच सांगतात.

उद्देशपत्रात 'लहानपणापासून आकड्यांची आवड' लिहू नका. त्याऐवजी एक परिच्छेद असा लिहा, ज्यात तुम्ही एक प्रश्न हाताळला, त्यात कुठे अडचण आली आणि ती सोडवायला कोणते ज्ञान कमी पडले हे स्पष्ट असेल. कमी पडलेले ज्ञान हेच शिकायला येण्याचे खरे कारण असते, आणि निवड करणाऱ्यांना ते लगेच कळते. शिफारसपत्र देणाऱ्यांकडे निदान महिनाभर आधी जा आणि त्यांना तुमच्या कामाचे दोन-चार ठळक मुद्दे लिहून द्या.

संभाव्यता: प्रतिउदाहरणांची वही

पहिल्या सत्रातला सर्वांत अमूर्त विषय हा. कोल्मोगोरोव्ह यांनी १९३३ मध्ये संभाव्यतेला मेझर थिअरीच्या पायावर उभे केले, आणि आजचे अभ्यासक्रम त्याच पायावर चालतात. सिग्मा-फील्ड कशासाठी, हा प्रश्न पहिल्या महिन्यात प्रत्येकाला छळतो. त्याचे समाधानकारक उत्तर कंडिशनल एक्स्पेक्टेशन शिकल्यावर मिळते. तिथे सिग्मा-फील्ड म्हणजे 'आतापर्यंत आपल्याला काय काय माहीत आहे' याची नोंद असते. तोवर धीर धरा.

एक वेगळी वही करा आणि तिच्यात फक्त प्रतिउदाहरणे लिहा. सहसंबंध शून्य, पण चले स्वतंत्र नाहीत: स्टँडर्ड नॉर्मल चल आणि त्याचाच वर्ग. संभाव्यतेत अभिसरण आहे, पण जवळपास सर्वत्र नाही: शून्य ते एक या अंतरावर पुन्हा पुन्हा सरकत जाणारे आणि दर फेरीला अरुंद होणारे ठोकळे. जोड्या-जोड्यांनी स्वतंत्र, पण तिन्ही मिळून नाहीत: दोन नाणी उडवा, पहिल्यावर छापा, दुसऱ्यावर छापा, आणि दोन्हींवर सारखेच, अशा तीन घटना घ्या. मध्य अस्तित्वातच नाही: कॉशी वितरण.

कॉशीपाशी थोडे थांबा आणि तो संगणकावर पाहा. कॉशी वितरणातून एक हजार आकडे घ्या आणि प्रत्येक टप्प्यावर आतापर्यंतची सरासरी आलेखावर काढा. रेषा बराच वेळ शांत चालते, मग एकदम उडी मारते, पुन्हा शांत होते, पुन्हा उडी. एक लाख आकडे घेतले तरी तेच. एन कॉशी चलांच्या सरासरीचे वितरण एका चलाच्या वितरणासारखेच असते, म्हणजे माहिती गोळा करून सरासरीला काहीच फायदा होत नाही. सिद्धता दोन ओळींची आहे, कॅरेक्टरिस्टिक फंक्शनने होते. पण तो आलेख पाहिल्यावर 'मध्य अस्तित्वात असावा' हे गृहीतक तुम्ही पुन्हा कधी नजरेआड करणार नाही.

इन्फरन्स: इथे सर्वाधिक वेळ द्या

पदव्युत्तर अभ्यासाचा गाभा हाच. फिशर यांनी १९२२ मध्ये लाइकलीहुडची (अज्ञाताच्या कोणत्या किमतीला हातातली माहिती किती शक्य ठरते, याची) मांडणी केली, नेमन आणि ईगॉन पिअरसन यांनी १९३३ मध्ये परिकल्पना तपासण्याची चौकट दिली, सी. आर. राव यांनी १९४५ मध्ये आणि ब्लॅकवेल यांनी १९४७ मध्ये कच्च्या एस्टिमेटरला (नमुन्यावरून अज्ञात किमतीचा अंदाज काढणाऱ्या सूत्राला) सुधारण्याची युक्ती दाखवली, बासू यांचा प्रमेय १९५५ चा. ही नावे वर्गात पाठोपाठ येतात आणि गोंधळ होतो. एकाच उदाहरणाला धरून राहिलात तर गोंधळ कमी होतो. मी सुचवतो ते उदाहरण असे.

एखाद्या ठिकाणी दर तासाला किती घटना घडतात याची मोजणी आहे, आणि ती पॉइसाँ वितरणाने येते असे धरू. सरासरी लॅम्डा. आपल्याला हवी आहे 'तासाभरात एकही घटना न घडण्याची' संभाव्यता, म्हणजे ई चा ऋण लॅम्डा घात. दहा तासांची नोंद हातात आहे आणि एकूण घटना १४.

पहिला, अगदी ढोबळ एस्टिमेटर: फक्त पहिला तास बघा. शून्य घटना असतील तर उत्तर एक, नसतील तर शून्य. हास्यास्पद वाटतो, पण तो अनबायस्ड आहे, म्हणजे सरासरीने खऱ्या उत्तरावरच येतो. एवढ्यावरून कळते, की अनबायस्ड असणे हा मोठा गुण नाही.

आता राव-ब्लॅकवेल लावा. एकूण बेरीज सफिशियंट आहे, म्हणजे लॅम्डाबद्दल नोंदीत जे काही आहे ते सगळे तिच्यात येते. बेरीज माहीत असताना पहिल्या तासाच्या वाट्याला शून्य येण्याची संभाव्यता काढा. चौदा घटनांपैकी प्रत्येक घटना दहा तासांपैकी कुठेही सारख्याच शक्यतेने पडते, म्हणून प्रत्येक घटना पहिला तास चुकवते याची संभाव्यता नऊ दशांश. उत्तर ०.९ चा चौदावा घात, म्हणजे सुमारे ०.२२९. पॉइसाँ कुटुंबासाठी ही बेरीज कंप्लीट आहे, म्हणून लेहमन आणि शेफे यांच्या प्रमेयानुसार अनबायस्ड एस्टिमेटर्समध्ये याचाच व्हेरियन्स सगळ्यात कमी.

आता मॅक्सिमम लाइकलीहुड. लॅम्डाचा अंदाज १.४, म्हणून उत्तर ई चा ऋण १.४ घात, सुमारे ०.२४७. हा बायस्ड आहे.

मग चांगला कोणता? बहुतेक विद्यार्थी 'सर्वांत कमी व्हेरियन्सचा' म्हणून या दोघांतल्या पहिल्याचे, राव-ब्लॅकवेलवाल्याचे, नाव घेतात. मीन स्क्वेअर्ड एरर (खऱ्या उत्तरापासूनच्या फरकाच्या वर्गाची सरासरी) काढून पाहा. लॅम्डा १.४ असताना राव-ब्लॅकवेलने मिळालेल्याचा एरर सुमारे ०.००९१ आणि लाइकलीहुडवाल्याचा ०.००९७, म्हणजे पहिला पुढे. पण लॅम्डा ०.१ करा. आता पहिल्याचा ०.००८२ आणि दुसऱ्याचा ०.००७५. निकाल उलटला. बायस्ड असूनही दुसरा खऱ्या उत्तराच्या जास्त जवळ राहतो. 'सर्वोत्तम' हा शब्द प्रमेयात येतो तेव्हा तो कोणत्या गटातला सर्वोत्तम, हे आधी विचारायचे. १९५६ मध्ये स्टाइन यांनी आणि १९६१ मध्ये जेम्स व स्टाइन यांनी तीन किंवा अधिक मध्य एकत्र अंदाजताना नमुन्याच्या सरासरीलाही मागे टाकता येते, हे दाखवून संख्याशास्त्रज्ञांना धक्का दिला. तो धक्का समजायला या लहान उदाहरणाची पूर्वतयारी फार उपयोगी पडते.

हे सगळे आकडे हाताने काढता येतात, पॉइसाँच्या मोमेंट जनरेटिंग फंक्शनने. आधी हाताने काढा, मग संगणकावर एक लाख वेळा नोंदी तयार करून पडताळा. दोन्ही उत्तरे जुळली नाहीत तर चूक सापडेपर्यंत पुढचे प्रकरण उघडू नका. ही चूक शोधताना जे शिकाल ते कुठल्याही लेक्चरमध्ये मिळत नाही.

दुसरे उदाहरण नियम मोडणारे ठेवा: शून्य ते थीटा युनिफॉर्म. इथे मॅक्सिमम लाइकलीहुड म्हणजे नमुन्यातला सर्वांत मोठा आकडा. वर्गात शिकलेले 'लाइकलीहुडचा अंदाज शेवटी नॉर्मल होतो' हे इथे खोटे ठरते. थीटा वजा सर्वांत मोठा आकडा, याला एनने गुणले तर मर्यादेत एक्स्पोनेन्शियल वितरण मिळते. का? कारण वितरणाची व्याप्तीच थीटावर अवलंबून आहे आणि नेहमीच्या रेग्युलॅरिटी अटी तिथे टिकत नाहीत. क्रामर-राव मर्यादाही याच कारणाने लागू होत नाही. परीक्षेत या अटी लिहिताना हात कंटाळतो, पण त्या कशासाठी आहेत हे या एका उदाहरणात दिसते.

लिनियर मॉडेल: आधी भूमिती

लिनियर मॉडेल शिकताना सूत्रे नंतर पाठ करा. आधी एक चित्र मनात पक्के करा: निरीक्षणांचा सदिश, स्पष्टीकरण देणाऱ्या चलांनी तयार केलेली सपाटी, आणि त्या सपाटीवर पडलेला लंब. लीस्ट स्क्वेअर्स म्हणजे हा लंब. अॅनोव्हातील (व्हेरियन्सच्या विश्लेषणातील) वर्गांच्या बेरजांची फोड म्हणजे पायथागोरस. कॉक्रनचा प्रमेयही याच चित्राची विस्तारित आवृत्ती आहे.

संगणकावर मात्र सूत्र जसेच्या तसे वापरू नका. 'एक्स ट्रान्सपोज एक्स' चा इन्व्हर्स काढून गुणणे हे कागदावर ठीक. चले एकमेकांशी घट्ट जोडलेली असतील तर या गुणाकारात कंडिशन नंबरचा वर्ग होतो आणि उत्तराचे महत्त्वाचे अंक हरवतात. लाँगली यांनी १९६७ मध्ये नेमक्या अशाच माहितीवर त्या काळच्या संगणक-प्रोग्रामांची परीक्षा घेतली होती. १९४७ ते १९६२ या सोळा वर्षांची अमेरिकेतील रोजगाराची ती आकडेवारी आजही आर या भाषेत तयार मिळते. तिच्यावर क्यूआर डिकम्पोझिशनने आणि थेट इन्व्हर्सने, दोन्ही प्रकारे रिग्रेशन करून बघा. मग एक वर्ष वगळून पुन्हा करा आणि सहगुणक किती हलतात ते पाहा.

संगणक: रोज थोडा, आणि स्वतःच्या हाताने

आर किंवा पायथन, कोणतीही एक भाषा नीट शिका, दुसरी वाचता येण्याइतकी. यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका. महत्त्वाचे हे, की मोठी तंत्रे एकदा तरी पॅकेज न वापरता लिहावीत. लॉजिस्टिक रिग्रेशन न्यूटनच्या पद्धतीने, दोन नॉर्मल मिसळलेल्या माहितीवर ईएम (न दिसणारा भाग अंदाजत टप्प्याटप्प्याने लाइकलीहुड वाढवणे), मेट्रोपोलिस-हेस्टिंग्ज (अवघड वितरणातून नमुने काढणे) आणि बूटस्ट्रॅप (हातातल्या नमुन्यातूनच पुन्हा पुन्हा नमुने घेणे), ही चार मी सक्तीची धरतो. प्रत्येक प्रोग्राम पानभराचा होतो.

सिम्युलेशन कसे करावे, हे शिकवले जातेच असे नाही, म्हणून एक उदाहरण पूर्ण सांगतो. प्रमाणासाठी पाठ्यपुस्तकातला ९५ टक्क्यांचा विश्वास-अंतराल सगळ्यांना येतो: नमुन्यातले प्रमाण, अधिक-उणे १.९६ गुणिले स्टँडर्ड एरर. नमुना २० चा आणि खरे प्रमाण ०.१ असताना हा अंतराल खरे प्रमाण किती वेळा पकडतो? सिम्युलेशन लिहा: २० चा नमुना घ्या, अंतराल काढा, ०.१ आत आहे का ते नोंदवा, दहा हजार वेळा करा. उत्तर ९५ च्या आसपास येणार नाही, ८८ च्या थोडे खाली येईल.

आता कारण कागदावर शोधा. नमुन्यात शून्य यश आले तर स्टँडर्ड एररही शून्य, अंतराल एका बिंदूवर कोसळतो आणि ०.१ बाहेर राहतो. हे घडण्याची संभाव्यता ०.९ चा विसावा घात, सुमारे १२.२ टक्के. सात किंवा जास्त यशे आली तर अंतराल पूर्णपणे ०.१ च्या वर जातो, त्याची संभाव्यता पाव टक्क्याहून थोडी कमी. एक ते सहा यशांना तो ०.१ ला बरोबर पकडतो. म्हणून खरे कव्हरेज ८७.६ टक्के. आता विल्सनचा अंतराल (स्टँडर्ड एररमध्ये नमुन्यातल्या प्रमाणाऐवजी तपासले जाणारे प्रमाण वापरणारा) त्याच प्रोग्राममध्ये घाला आणि तुलना करा.

यात दोन सवयी लावून घ्या. सुरुवातीला सीड (संगणकाच्या यादृच्छिक आकड्यांचा आरंभ ठरवणारा आकडा) ठरवून लिहून ठेवा, म्हणजे तेच आकडे पुन्हा मिळतील. आणि सिम्युलेशनच्या उत्तराचीही चूक द्या. कव्हरेज ९५ टक्क्यांच्या आसपास असेल तर एक हजार फेऱ्यांना स्टँडर्ड एरर सुमारे ०.७ टक्के-बिंदू, दहा हजारांना सुमारे ०.२. एक हजार फेऱ्या करून '९४.६ आणि ९५.१ मध्ये फरक आहे' असे लिहिणारा विद्यार्थी संख्याशास्त्राच्याच प्रबंधात संख्याशास्त्र विसरलेला असतो.

बूटस्ट्रॅप एफ्रन यांनी १९७९ मध्ये मांडला आणि तो इतका सोयीचा आहे, की सगळीकडे लावण्याचा मोह होतो. वरच्या युनिफॉर्म उदाहरणावर लावून बघा. पुनर्नमुन्यात मूळ सर्वांत मोठा आकडा येण्याची संभाव्यता मोठ्या नमुन्यासाठी सुमारे ६३ टक्के असते. म्हणजे बूटस्ट्रॅपचे निम्म्याहून जास्त वजन एकाच बिंदूवर साचते, आणि खरे वितरण मात्र सलग आहे. प्रतिउदाहरणांच्या वहीत हे पहिल्या पानावर जावे.

पात्रता परीक्षा

जुन्या प्रश्नपत्रिका मिळवा आणि वेळ लावून सोडवा. तीन-चार जणांचा गट करा, पण नियम ठेवा: फळ्यावर एकाने सोडवायचे आणि बाकीच्यांनी प्रत्येक ओळीला 'हे कशावरून?' विचारायचे. उत्तरे नुसती वाचून तयारी झाल्याचा भास होतो. पेन हातात घेतल्याशिवाय तो भास जात नाही. शेवटच्या आठवड्यात नवीन काही घेऊ नका.

दुसऱ्यांच्या माहितीवर काम

कन्सल्टिंगची संधी मिळाली तर सोडू नका. जीवशास्त्र, मानसशास्त्र, अभियांत्रिकीतील संशोधक येतात आणि 'कोणती टेस्ट लावू?' असे विचारतात. टेस्टचे नाव लगेच सांगू नका. आधी विचारा: निर्णय कोणता घ्यायचा आहे? प्रयोगाचे एकक कोणते? माहिती कशी आली, कोणती आली नाही?

एककाचा प्रश्न सर्वांत जास्त वेळा निसटतो. सहा पिंजरे, प्रत्येकात पाच उंदीर, आणि औषध पिंजऱ्यातल्या पाण्यात मिसळलेले. संशोधक म्हणतो नमुना तीसचा. औषध पिंजऱ्याला दिले गेले, म्हणून तुलनेसाठी एकके सहाच. तीस धरून केलेली टेस्ट भलताच आत्मविश्वास दाखवते. त्याचप्रमाणे 'आम्ही वीस गोष्टी मोजल्या आणि एकीत फरक दिसला' हे ऐकले की थांबा. कुठेही खरा फरक नसताना पाच टक्क्यांच्या पातळीवर वीस स्वतंत्र टेस्ट केल्या तर निदान एक तरी 'लक्षणीय' निघण्याची संभाव्यता ६४ टक्के असते. हे समोरच्याला न दुखावता, त्याच्या विषयाच्या भाषेत समजावता येणे हे तुमच्या पदवीतले एक खरे कौशल्य आहे. प्रत्येक भेटीनंतर अर्ध्या पानाचे टिपण लिहून त्यांना पाठवा: काय ठरले, कोणत्या गृहीतकावर, पुढे कोण काय करणार.

गाईड आणि विषय

गाईड निवडताना त्यांच्या कीर्तीपेक्षा तीन गोष्टी आधी शोधा. ते विद्यार्थ्यांना किती वेळा भेटतात? लिहिलेला मसुदा किती दिवसांत वाचून परत देतात? त्यांचे आधीचे विद्यार्थी साधारण किती वर्षांत मोकळे झाले? हे त्यांच्या आताच्या विद्यार्थ्यांना, एकेकट्याला गाठून विचारा. शक्य असेल तर आधी एक सत्र त्यांच्याबरोबर वाचनाचा अभ्यासक्रम करा. दोघांनाही एकमेकांची पद्धत कळते आणि मन बदलायला वाव राहतो.

शोधनिबंध वाचण्याची पद्धत सुरुवातीपासून ठरवून घ्या. प्रमेय सर्वसाधारण रूपात दिलेला असतो. तो आधी सर्वांत सोप्या प्रसंगात उतरवा. एकच चल, नॉर्मल वितरण, व्हेरियन्स माहीत. तिथे प्रमेय काय म्हणतो? बऱ्याचदा ओळखीचेच काहीतरी निघते आणि नवीन भाग नेमका कोणता ते समजते. मग निबंधातला सिम्युलेशनचा एक तक्ता स्वतः प्रोग्राम लिहून पुन्हा मिळवा. तो मिळाला की एकच गृहीतक बदला: चुका नॉर्मलऐवजी जाड शेपटीच्या घ्या, निरीक्षणे स्वतंत्र नसू द्या, काही नोंदी गहाळ करा. पद्धत कुठे कोलमडते ते पाहा. कोलमडण्याचे कारण सांगता आले आणि दुरुस्ती सुचली, तर तुमच्या प्रबंधाचे पहिले प्रकरण सापडलेच म्हणा. 'विषय सुचत नाही' म्हणणारे बरेच विद्यार्थी खरे तर हा चौथा टप्पा गाठण्याआधीच पुढचा निबंध उघडतात.

लिहायला उशिरा बसू नका. पहिल्या निष्कर्षाच्या दिवसापासून एक फाइल चालू ठेवा, आणि तिच्या पहिल्या पानावर चिन्हांची यादी: कोणते अक्षर कशासाठी. दोन वर्षांनी तीन प्रकरणे एकत्र करताना एकच अक्षर तीन अर्थांनी वापरलेले सापडते आणि ते निस्तरायला आठवडे जातात. प्रत्येक प्रमेयाखाली दोन वाक्ये साध्या भाषेत लिहा: हा काय सांगतो आणि कोणत्या अटीशिवाय टिकत नाही. प्रत्येक तक्ता आणि आलेख कोणत्या प्रोग्राममधून, कोणत्या सीडने आला, तेही तिथेच नोंदवा. गिटसारखी आवृत्त्या सांभाळणारी व्यवस्था पहिल्या दिवसापासून वापरा.

तोंडी परीक्षेच्या तयारीसाठी प्रबंधातल्या सगळ्या गृहीतकांची एक यादी काढा आणि प्रत्येकापुढे तीन रकाने भरा: ते कोणत्या ओळीत वापरले, ते काढले तर नेमके काय मोडते, आणि हातातल्या माहितीत ते खरे आहे की नाही हे कसे तपासले. परीक्षक बहुतेक प्रश्न या तीन रकान्यांतूनच विचारतात. एखादा रकाना कोरा राहिला, तर तो गाईडबरोबर बसून परीक्षेच्या आधी भरून घ्या.